आधी भाऊ, मग बैल

निघताना नवऱ्याने माझ्या पिशवीत डोकावून विचारलं, "दोन कॅमेरे? एक बिघडलाय का?"

त्याला हे समजावता समजावता माझे केस पांढरे झाले. माझा खरा कॅमेरा जुना, रोलचा. फोटो कसा आला ते घरी येऊन रोल धुतल्यावरच कळतं, आणि रोल हल्ली इतके महाग झालेत की चुकायची सोय उरलेली नाही. त्यातून मला आवडतात ते फोटो पळणाऱ्या गोष्टींचे, तेही शटर मुद्दाम उशिरा बंद करून काढलेले. पळणाऱ्याचा फराटा उमटतो. तो किती उमटेल हे डोळ्यांना आधी दिसत नाही. म्हणून सोबत डिजिटल कॅमेरा. आमटी तळहातावर घेऊन चाखतात तसा हा माझा चाखायचा कॅमेरा. त्याच्यावर काढायचा, मागच्या पडद्यावर बघायचं, शटरचे आकडे जमले की तेच रोलच्या कॅमेऱ्यावर लावायचे.

"म्हणजे फोटो काढून झाला की तोच पुन्हा काढायचा," नवरा म्हणाला. मी पिशवीची चेन ओढली.

निमित्त माधुरीच्या फोनचं होतं. माधुरी माझी हॉस्टेलमधली मैत्रीण, अमरावतीला वकिली करते. तिचं माहेर तेल्हारा तालुक्यातल्या एका गावात. दोन भाऊ, थोरला गजानन आणि धाकटा सुधाकर. दोघांची शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळणारी एक जोडी. पाखऱ्या थोरल्याचा, हिरो धाकट्याचा. पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून आधी कोणाचा बैल न्यायचा यावरून दोघांचं जुंपलं, आणि बैलावरून निघालेलं भांडण वावरावर, विहिरीवर, घरावर जाऊन वाटणीतच संपलं.

"या पटात शेवटचं पळणार," माधुरी म्हणाली. "पट झाला की हिरो सुधाकरच्या नव्या गोठ्यात जाणार. मोठ्या वहिनीला जोडीचा एक फोटो हवाय, पळतानाचा. मोबाईलवर काढला तर बैल नुसते उभे दिसतात म्हणते. तू ते हललेले फोटो काढतेस ना? ये मग."

माझ्या कलेचं इतकं नेमकं वर्णन आजवर कोणी केलं नव्हतं.

अमरावती

पोचले त्या संध्याकाळी हात साफ करावा म्हणून राजकमल चौकात उभी राहिले. पुण्यात तुम्ही चौकात कॅमेरा लावून उभ्या राहिलात तर लोक तुम्हाला वळसा घालून जातात, मनात काय ते म्हणतात. इथे मिनिटभरात माझ्याभोवती माणसं गोळा झाली. मी एका ऑटोवर डिजिटल रोखून, ऑटोबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढला. एक काका सरळ पडद्यात डोकावले.

"काय करून राहिल्या मॅडम?"

मी दाखवलं. ऑटो बऱ्यापैकी ठळक, मागचं सगळं शहर आडव्या रेघा.

"हालला ना हा."

"मुद्दाम हलवलाय काका."

"काहून?"

काहून म्हणजे का, आणि असं सरळ विचारणारे मला फार भेटत नाहीत. पुण्यात प्रदर्शनात लोक अशा फोटोसमोर हनुवटीला हात लावून "वा, काय गती आहे" म्हणतात आणि चहाकडे वळतात. हे काका तसले नव्हते. त्यांनी माझं कोपर खालून घट्ट धरलं. "आता काढा. मी धरतो," म्हणाले. तो फोटो अर्थातच स्वच्छ आला. काकांना इतका आनंद झाला की मला तो पुसवेना.

माधुरी कोर्टातून आली, काळा कोट तिने गाडीच्या मागच्या सीटवर फेकला आणि आम्ही गिला वडा खायला गेलो. दह्यात मुरलेला मऊ वडा, वर लाल चटणी. पहिल्या घासाला थंड लागतो आणि आपण बेसावध होतो. मग चटणी येते. माधुरी माझ्याकडे बघत राहिली, साक्षीदार फुटायची वाट बघतात तशी. मी फुटले. दुसरी प्लेट मात्र मीच मागवली.

अकोला

दुसऱ्या दिवशी माधुरीच्या गाडीने निघालो. मध्ये अकोल्यात थांबायचं होतं, कारण वहिनींनी बैलांसाठी गोंडे आणि घुंगरांच्या माळा सांगितल्या होत्या. दुकानदाराने रंगीत गोंड्यांचा ढीग पुढे ओतला. माधुरीने फोन लावला. "वहिनी, कोणता रंग घेऊ? दादाच्या बैलाला लाल आणि सुधाकरच्याला हिरवा घेऊ का? वाटणी झालीय ना."

पलीकडून आलेला आवाज मला फोनपासून दोन हातांवर ऐकू आला. "दोन्हीले एकच रंग घे! घर वाटलं म्हनून बैल वाटते का?"

दोन्ही लाल घेतले.

स्टेशनजवळ तर्रीपोहे खाल्ले. पोह्यांवर तो लाल रस्सा ओतताना गाडीवाल्याने माझा चेहरा पाहिला. "पुन्याचे का? मंग साखर देऊ का वरून?" मी बाणेदारपणे नको म्हटलं आणि पुढचा अर्धा तास नाक पुसत काढला. आमच्याकडे तिखट खाणाऱ्याचं कौतुक होतं. इकडे न खाणाऱ्याची चौकशी होते, आजारी माणसाची करतात तशी.

तेल्हाऱ्याच्या अलीकडे

गावात शिरलो तेव्हा कापूस वेचून संपलेल्या पऱ्हाट्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळत उभ्या होत्या. माधुरीच्या घराच्या अंगणातून सिमेंटच्या विटांची एक नवी भिंत गेली होती, अजून प्लास्टर नसलेली, खांद्याइतकी. खांद्याइतकीच का, तर तेवढ्यावर गवंडी दुसऱ्या कामाला गेला. भिंतीच्या अलीकडे एका खाटेवर गजूभाऊ, पलीकडे दुसऱ्या खाटेवर सुधाकर. बसले की एकमेकांना दिसत नाहीत, उभे राहिले की दिसतात. त्यामुळे दोघांपैकी एक जण उठला की दुसरा बसायचा. सुधाकरची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून जेवायला तो भिंतीला वळसा घालून वहिनींच्याच चुलीपाशी यायचा, पण भावाकडे पाठ करून.

बैल मात्र अजून एकाच गोठ्यात होते. पाखऱ्या पांढराशुभ्र, समंजस. हिरो लालसर, नावाप्रमाणे वागणारा. मी गोठ्यात गेले तेव्हा तिथे संभाषण चालू होतं.

"पाखऱ्या," गजूभाऊ म्हणत होते, "त्याले सांग, सरकीची ढेप आपल्या हिश्श्याची हाय."

"हिरो," सुधाकर दुसऱ्या बाजूने म्हणाला, "त्याले इचार, टोपलं कोनाचं हाय."

हिरोने शेपूट हलवली. मला वाटलं गंमत करतायत. माधुरी म्हणाली, पोळ्यापासून हे असंच चालू आहे. दोघांना एकमेकांशी बोलायचं नाही, पण बोलल्याशिवाय चालतही नाही, म्हणून मध्ये बैल.

रत्नावहिनी मोठ्या हाडापेराच्या, बोलायला फटकळ, आणि वाढायला बसल्या की कोणाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हेत. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि तुपाची अख्खी वाटी. "एकच पुरे" असं मी म्हटल्यावर त्यांनी एकच वाटी आणखी ओतली. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "ताई, दोन्ही बैल म्याच हातानं वाढवले. वासरं होते तवापासून संगं हायेत. उद्या हिरो जाईन. मले त्यायचा धावतानाचा फोटू पाह्यजे, दोघायचा, एकाच जुवाखालचा. मंग कोनी कुठीबी जावो."  मी रोडगा तुपात बुडवला. इतकी थेट मागणी आली की विनोद सुचत नाही.

त्या दुपारी मी कामाला लागले. मला फक्त बैल एकदा पळताना हवे होते, पडद्यावर फराटा बघायला. गजूभाऊंनी मान हलवली.

"पटाच्या आधी बैलाचा फोटू नाही काढत आमी. नजर लागते."

"कॅमेऱ्याची?"

"कॅमेऱ्यातून पुढी कोन कोन पाहीन, सांगता येते का?"

इंटरनेटच्या जमान्यात हे खोटंही नव्हतं. भिंतीपलीकडून सुधाकरचा आवाज आला, "हिरो, सांग त्याले, बरोबर हाय." पोळ्यानंतर पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं, ते माझ्याविरुद्ध.

मग मी अंगणाबाहेरच्या बांधाकडेने मोटारसायकल पळवून बघितली. मोटारसायकलला पाय नसतात आणि बैलाची सगळी मजा पायात. एक बकरी सोडली. बकरी माझ्याच दिशेने आली. माधुरी हसून हसून बांधावर बसली. वहिनी हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"तुमाले दोघं एकाच जुवात धावनारे पाह्यजे ना?"

"हो."

"मंग हे दोघं हायेत की! दिवसभर रिकामेच बसले हायेत."

दोघे भाऊ एकदम उभे राहिले, म्हणून एकमेकांना दिसले, म्हणून एकदम बसले. पण वहिनींच्या हातात तोवर शर्यतीचा हलका छकडा आणि जू आलं होतं. "माह्यासाठी एक फोटू नाही व्हत तुमच्याच्यानं?" एवढंच त्या म्हणाल्या. दोघे मुकाट्याने सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या वावरात गेले. डावीकडे गजूभाऊ, पाखऱ्याच्या जागी. उजवीकडे सुधाकर.

इथे एक खरी अडचण होती. बाजूने फोटो काढला की अलीकडचा बैल दिसतो आणि पलीकडचा त्याच्याआड जातो. आल्या आल्याच गजूभाऊ मला गाठून म्हणाले होते, "ताई, डाव्या अंगानं उभ्या राहा, उजेड चांगला राह्यते." सुधाकरने विहिरीपाशी सांगितलं होतं की उजवीकडून वारा अनुकूल असतो. फोटोला वारा कशाला लागतो, हे मी विचारलं नाही. माधुरीने वकिली सल्ला दिला, "बाजू घेऊच नकोस. वरून घे." म्हणून आम्ही ट्रॅक्टरची ट्रॉली वावराच्या कडेला लावली आणि मी तिच्यात चढले. ऊन कडक, म्हणून भिंगावर गडद काच चढवली. बांधावर जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "कॅमेऱ्यालेबी गॉगल लागते का बावा!"

वहिनी छकड्यात चढल्या. पदर खोचला, दोरी धरली. "या घरात बैल कोन हाकते ते पाहा आज," म्हणाल्या आणि अशी काही हाळी दिली की बांधावरची गर्दी दुप्पट झाली.

पहिल्या खेपेला थोरला डावीकडे ओढत होता, धाकटा उजवीकडे. छकडा जागच्या जागी फिरला. माझ्या पडद्यावर नुसती मळकट पाण्याची लाट आली. मी शटर खूपच हळू ठेवलं होतं. दुसऱ्या खेपेला शटर वेगात ठेवलं तर दोघे पाय उचलून पुतळ्यासारखे उभे, लग्नाच्या वरातीत फोटोसाठी थांबवतात तसे. तेवढ्यात सुधाकर अडखळला आणि जुवासकट दोघे मातीत.

"पाय पाह्य ना लेका!" गजूभाऊ ओरडले. ओरडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मध्ये बैल नव्हता.  सुधाकर उठला, भावाच्या गुडघ्याची माती झाडली आणि पुन्हा जुवाखाली गेला.

तिसऱ्या खेपेला पाय जुळले. आता ते खरोखर धावत होते, पोटं हलवत, धापा टाकत, मागे वहिनींची हाळी, बांधावर शिट्ट्या. मी त्यांच्याबरोबर कॅमेरा फिरवत गेले आणि बटण दाबलं. पडद्यावर पाहिलं. पायांचं नुसतं धुकं झालं होतं, जमीन वाहत होती, आणि वर दोन चेहरे स्वच्छ, तोंडं उघडी. दोघे हसत होते. हसताना ते इतके सारखे दिसतात हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी आकडे लक्षात ठेवले. बैल माणसांपेक्षा कितीतरी जोरात पळणार, म्हणून तेवढा फराटा मिळायला शटर त्या मानाने वेगात ठेवायचं असा हिशेब केला. अंदाजच तो. खरं काय ते पटात कळणार होतं.

पट

माझा मनसुबा साधा होता. आधी दुसऱ्यांच्या जोड्या पळतील, त्यांच्यावर डिजिटलने चाखून घेईन आणि आपली जोडी आली की रोल. चिठ्ठ्या काढल्या आणि पहिलीच चिठ्ठी आमची निघाली.

मैदानात धूळ, भोंग्यावर एक न थकणारा गृहस्थ, भज्यांचा वास, फेटे, मोबाईल. बैलांना वहिनींनी लाल गोंडे बांधले. नजर काढली, आणि मला म्हणाल्या, "आता घ्या व ताई. आता कोनाची नाही लागत." हाकायला गावातला एक सडपातळ धुरकरी होता. दोघे भाऊ धावपट्टीच्या दोन बाजूंना उभे राहिले, एकमेकांपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब.

मी ट्रॉलीवर. गळ्यात दोन कॅमेरे. हातात जुना, भावांवरून ठरवलेले आकडे लावलेला. माझ्या कॅमेऱ्यात फिल्म हाताने सरकवावी लागते, म्हणजे एका धावेत एकच फोटो. तो चुकला की गेला. एका बाईने दोन बैल वाढवले आणि त्यांचा एकत्र फोटो आता माझ्या बोटावर आला होता. मी अमरावतीच्या त्या काकांना मनापासून आठवलं. कोणीतरी कोपर धरायला हवं होतं.

झेंडा पडला. बैल आले ते मी आधी ऐकले, घुंगरांवरून. मग एकदम समोर. मी कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरवला, बटण दाबलं, आणि ते गेले. एवढंच. इतका खटाटोप आणि शेवटी एक खट्ट आवाज.

"दाखवा," सुधाकर धापा टाकत ट्रॉलीपाशी आला.

"यात दिसत नाही. रोल आहे."

"मंग आला का नाही, हे कोन सांगन?"

"पुण्याला जाऊन धुतल्यावर."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बैल दुसऱ्याच्या खुंट्याला बांधून आलेय.

जोडी जिंकली नाही. मध्येच कुठेतरी राहिली. संध्याकाळी गोठ्यात सुधाकरने हिरोचा कासरा सोडला. पाखऱ्या दोन पावलं त्याच्यामागे गेला, दोरी ताणली गेली आणि थांबला. गजूभाऊ पाखऱ्याच्या पाठीवर हात फिरवत होते, पुन्हा पुन्हा त्याच जागेवर. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, बैलाकरवीसुद्धा नाही. वहिनी चुलीपुढे बसून धूर नसताना डोळे पुसत होत्या. मला तिथे उभं राहवेना. दुसऱ्याच्या घरातलं काहीतरी तुटताना आपण पाहुणा म्हणून हजर असणं फार वाईट.

पुणे

घरी आल्या आल्या न्हाणीघर बंद करून रोल धुतला. नवऱ्याची अंघोळ राहिली. फोटो आला होता. धुळीत आठ पायांचं एकच धुकं, त्याच्यावर एक पांढरी पाठ आणि एक लाल, चार शिंगं आणि मागे वाहणारी माणसं. पुढची मुंडकी एकमेकांत अशी मिसळली होती की कोणाचा डोळा कोणाचा ते सांगता येऊ नये. मी इतक्या वर्षांत काढलेला सगळ्यात चांगला फोटो. मोठी प्रत करून वहिनींना पाठवली. त्यांचा फोन आला. "धावून राह्यले ना व!" इतकंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यानंतर एकदा गजूभाऊंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, पुण्यात थंडी किती वगैरे. मग आवाज खाली. "ताई, बैलाचा फोटू झ्याक हाय. हालला थोडासा, पन झ्याक. थो दुसरा हाय का? आमी दोघं धावलो थो? असन तर एक पाठवा. पन सुधाकरले नका सांगू."

मी बरं म्हटलं. दोनेक दिवस गेले असतील, सुधाकरचा फोन. त्याने थंडीचं विचारलं नाही. "ताई, थो वावरातला फोटू पाठवता का मले? पन मोठ्याले कळू नका देऊ. उगाच त्याले वाटन का मले त्याची याद येते."

आता यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे दोघांना दोन वेगळी पाकिटं. माधुरीही तसंच म्हणाली, पक्षकारांचं गुपित ठेवायचं असतं. पण मी वकील नाही. मी चाखायच्या कॅमेऱ्यातला तो फोटो काढला, दोन प्रती केल्या, दोन्ही एकाच पाकिटात घातल्या, आणि वर दोघांची नावं शेजारीशेजारी लिहिली. पाकीट भिंतीच्या अलीकडे द्यायचं की पलीकडे, हे पोस्टमनवर सोडलं.

आठवड्याने वहिनींचा फोन. मागे भयंकर आरडाओरडा चालला होता.

"काय पाठवलं व ताई तुमी? सकायपासून दोघं अंगनात भांडून राह्यले. हे म्हनतात तूच वाकडा धावला, भाऊजी म्हनतात तुमीच डावीकडं ओढलं."

 "चुकलंच माझं वहिनी. करू का मी फोन त्यांना? समजावते."

"नका करू!" वहिनी हसत होत्या. "भांडू द्या. पोळ्यापासून पहिल्यांदा बैलाले मधात न घेता भांडून राह्यले."